आषाढ ते चैत्र : गणिताच्या एका वर्षाची आखणी



मेळघाटातील अभ्यासवर्गासाठी पाट्या, वह्या आणि मणी पाठवणाऱ्या काहींनी विचारले आहे, की तिसरीच्या मुलांना वर्षभर गणित शिकवता ते कसे? पाठ्यपुस्तक असताना वेगळी आखणी कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहिते. आपल्यापैकी जे घरी किंवा वस्तीत लहान मुलांना शिकवतात, त्यांनाही यातले काही कामी येईल.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. कागदावर ते पुरेसे आहे. पण धारणी-चिखलदऱ्याच्या ढाण्यावरचे मूल हे दिवस सलग बसत नाही. उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. श्रावणात ओढे भरले की पलीकडची मुले येत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन सोंगायला आणि मग बांधकामाच्या कामावर घरेच्या घरे खाली मैदानात उतरतात. ती परततात होळीला, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. म्हणून कॅलेंडर हाती घेतले की मी त्यावर आधी पेरणी, पोळा, दिवाळी, होळी लिहिते, धडे नंतर.

पुढचा नियम एकच आहे. ज्या धड्यावर दुसरे धडे उभे राहतात, तो दिवाळीच्या आत. जो सुटला तरी पुढचे अडत नाही, तो हिवाळ्यात. या हिशेबाने संख्यांची स्थानिक किंमत, हातच्याची बेरीज आणि वजाबाकी जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात. आकृत्या, घड्याळ, लांबी, चित्रालेख हे डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा अर्धा वर्ग गावी नसतो. गुणाकाराचा पुढचा भाग, समान वाटणी आणि अपूर्णांक होळीनंतर. पुस्तकाचा क्रम त्यामुळे मोडतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. तो क्रम वर्षभर बाकावर बसणाऱ्या मुलासाठी आहे.

जुलैचे पहिले तीन आठवडे मी फक्त काड्यांचे गठ्ठे बांधण्यात घालवते. पाहुण्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन, म्हणून मूल ५२ लिहिते. ‘एकोणसाठ’ ऐकून तर साठच लिहावेसे वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत जोडली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद आणि किती विनोद झाले हे आपल्याला आठवत असेल. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू शांतपणे मांडली होती. ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याच्यासमोर बसले की ती बाजू पटते. मी दोन्ही नावे शिकवते, पण आधी ‘वीस पाच’.

कोरकूत दहाला ‘गेल’ आणि विसाला ‘ईसा’ म्हणतात, आणि जुनी माणसे विसाविसांनी मोजतात. आपल्याही आज्या ‘दोन विसा, तीन विसा’ म्हणतच होत्या की. ही सवय मोडायची गरज नाही. दहाचे दोन गठ्ठे एकत्र ठेवले की ईसा; मूल लगेच मान हलवते. घरचे मोजणे चुकीचे नाही हे त्याला कळले, की पुढचे काम हलके होते.

सप्टेंबर सगळा वजाबाकीचा. ४०३ मधून १६८ वजा करताना मधल्या शून्यापाशी मुले अडतात, कारण उसने घ्यायला शेजारी काहीच नसते. मग शंभराचा एक मोठा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे करायचे, त्यातला एक सोडून दहा सुट्या काड्या करायच्या. आता ३ शतक, ९ दशक, १३ एकक. उत्तर २३५. हे काड्यांनी निदान दहा वेळा झाल्याशिवाय मी पाटीवर लिहू देत नाही. इतका हट्ट का, तर कामावर उचल घेतलेली असते आणि आठवड्याच्या हिशेबात ती वळती होते. घरात वजाबाकी येणारे तेवढे एकच माणूस म्हणजे बऱ्याचदा हे आठ-नऊ वर्षांचे पोर असते.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही. गावी राहिलेल्या मुलांसोबत तो मजेत जातो. दोरीने अंगण मोजतो, बाजाराच्या दिवशी दुकान मांडतो.

होळीनंतर मोह पडू लागतो. मुले पहाटेच फुले वेचायला जातात आणि वर्गात पेंगतात, म्हणून त्या दिवसांत गणिताचा तास खिचडीनंतर घेते. मग मोहच उपयोगी पडतो. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो तराजूवर दिसले की अपूर्णांक वेगळा समजवावा लागत नाही. एप्रिलमध्ये तेंदूपाने. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा धरतात. सहा पुड्यांची पाने किती, हे तिसरीतले मूल सात सक्कं बेचाळीस म्हणून ४२० असे सांगते.

जी मुले बाहेर जातात, त्यांच्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळते. त्यामुळे कामाच्या गावातील शाळेत प्रवेश मागता येतो. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहही चालते, तेव्हा मूल मागे राहू शकते. दोन्ही गोष्टी पालकांना दसऱ्याच्या आत सांगाव्या लागतात. दिवाळीत सांगून उपयोग नसतो, सामान बांधलेले असते.

याशिवाय प्रत्येकाला एक पाकीट देतो. त्यात शंभर काड्या, वीस रबर, दोन ते पाच आणि दहाचे पाढे, आणि रोज एक असे गणित लिहिलेली वही. होळी झाल्यावर पहिल्या दिवशी मी वही तपासत नाही. काड्या मोजायला सांगते. कुणाच्या सत्तर उरलेल्या असतात, कुणाच्या बारा, कुणी चुलीत घातलेल्या असतात. शंभराला किती कमी पडल्या, हे पहिले गणित.