वाफ, फोडणी आणि छतावरची बोंब

न्यू जर्सीत आपली मंडळी राहतात ती बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. मजल्यागणिक, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये आणि बऱ्याच घरांत बेडरूममध्येही छताला स्मोक अलार्म असतो. आणि आपला स्वयंपाक म्हणजे कुकर, मोदकपात्र, सुक्या मिरच्यांची फोडणी. या दोघांचं एका छताखाली कसं जमवायचं, हे इथे संसार करता करता कळत गेलं.

१. ओरडला की आधी त्याचं खरं माना. तीन बीप, थोडं थांबून पुन्हा तीन, म्हणजे धूर. चार-चार असतील तर कार्बन मोनॉक्साइड. तेव्हा खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ला फोन करा. मिनिटभराने एकदाच ‘टुक्’ म्हणजे बॅटरी संपत आली. हे ‘टुक्’ बऱ्याचदा पहाटे सुरू होतं, कारण गारठ्यात बॅटरीचा जोर आणखी कमी होतो. घरातले अलार्म एकमेकांना जोडलेले असतील तर सगळेच कोकलतात. ज्याचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, बहुतेक वेळा तोच मूळचा. फिरून पाहा, आग नाही याची खात्री करा आणि मगच गप्प करायचं बटण दाबा.

२. आंघोळ चालू असताना अलार्म सहसा वाजत नाही, दार उघडल्यावर वाजतो. बाथरूममधली गरम, ओली हवा पॅसेजच्या थंड हवेत शिरते आणि तिचे बारीक थेंब होतात. हल्लीच्या बऱ्याच अलार्मच्या डबीत प्रकाशाचा एक किरण असतो. धुराचे कण त्याला विखुरतात, थेंबही विखुरतात. दोहोंतला फरक त्या बिचाऱ्याला कळत नाही. म्हणून एक्झॉस्ट शॉवरच्या आधी लावायचा, आंघोळीनंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा आणि दार सताड उघडायची घाई करायची नाही. भारतातून आलेल्या वडीलमाणसांना पंखा बंद करून दार उघडायची सवय असते. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, नाहीतर सकाळी सकाळी सगळं घर दचकून उठतं.

३. जागा चुकली असेल तर बाकीचे उपाय व्यर्थ. शॉवर असलेल्या बाथरूमच्या दारापासून अलार्म निदान ३ फूट लांब हवा, चुलीपासून साधारण १० फूट. हीटिंगची हवा सोडणाऱ्या जाळीपासून आणि छताच्या पंख्याच्या पात्यांपासूनही ३ फूट. भाड्याच्या घरात आपण स्वतः हलवू नये, घरमालकाला लेखी कळवावं.

४. चुलीवरची चिमणी हवा नेते कुठे, ते एकदा बघाच. कित्येक अपार्टमेंटांत ती हवा जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते. तेल थोडंफार अडतं, वाफ अजिबात नाही. अशा घरात मोदक उकडायचे तर खिडकी उघडावी, आणि तीही फक्त स्वयंपाकघरातली. वारा आरपार वाहायला लागला तर सगळी वाफ पॅसेजमध्ये ढकलतो. चिमणी बाहेर फेकणारी असेल तर कुकर आणि मोदकपात्र मागच्या बर्नरवर ठेवा. पुढच्या बर्नरची वाफ चिमणीच्या कडेने निसटते. मोदकपात्राचं झाकण चिमणीखालीच, वाफ आपल्यापासून लांब जाईल अशा बेताने, हळूहळू उचला.

५. नवा अलार्म घेताना प्रकार वाचून घ्या. जुन्या पद्धतीच्या आयोनायझेशन अलार्ममध्ये अमेरिशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य अगदी थोडं असतं. भडकलेल्या आगीला तो चटकन दाद देतो, पण फोडणीच्या बारीक धुरालाही देतो. प्रकाशकिरणावर चालणारा फोटोइलेक्ट्रिक धुमसणाऱ्या आगीत सरस आणि फोडणीच्या बाबतीत बराच सोशिक. वाफेवर मात तोही करू शकत नाही. स्वयंपाकघराजवळ मी फोटोइलेक्ट्रिकच घेईन.

६. हिवाळ्यात नाक-घसा कोरडा पडतो म्हणून ह्युमिडिफायर लागतो. त्याचं तोंड अलार्मच्या दिशेने नको. पाणी जड असेल तर अल्ट्रासॉनिक यंत्रातून क्षारांची पांढरी भुकटीही हवेत उडते आणि डबीत जाऊन बसते. डिस्टिल्ड पाणी वापरा. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली की पुरे. काचांवरून पाणी ओघळायला लागलं तर यंत्र बंद करा.

७. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश अधूनमधून अलार्मवरून फिरवा. फवारे मारू नका. मागे छापलेली तारीख बघा. १० वर्षं झाली की तो बदलायचाच.

८. बॅटरी काढून ठेवणं किंवा अलार्मला हॉटेलातली शॉवर कॅप घालणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. अमेरिकेत घरांना लागलेल्या आगींत जे मृत्यू होतात, त्यांतले पाचांपैकी जवळजवळ तीन अलार्म नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांतले असतात, असं नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची आकडेवारी सांगते. गणपतीला कुणाकडे गेलात आणि छताला तशी टोपी दिसली, तर भिडेखातर गप्प बसू नका. पानावर बसायच्या आधी ती काढायला लावा.