रेकॉर्डिंग चालू असताना सॉफ्टवेअर हँग होतं? नवीन काही घेण्याआधी हे तपासा



आपल्या वाशिम जिल्ह्यात फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे रेकॉर्डिंगवाल्यांचा सीझन. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराज जयंती, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा, १४ एप्रिलला भीमजयंती. बंजारा गाणी, भीमगीतं, भजनं, शिवाय ऑटोवर भोंगा लावून फिरवायच्या दुकानांच्या जाहिराती. एक माइक, एक कॉम्प्युटर आणि घरातली एक खोली एवढ्यावर हा धंदा सुरू होतो. आणि बंदही पडतो, सॉफ्टवेअर ऐन वेळी हँग झालं तर.

माझंच सांगतो. दुकानाच्या मागच्या खोलीत मी रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा एका कापड दुकानाची जाहिरात आली. तीन वेळा आवाज घेतला, तिन्ही वेळा स्क्रीन जागेवरच थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या भाऊ, उद्या पाहू." तो उद्या काही आला नाही. मी त्याच संध्याकाळी जास्तीची रॅम टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! खरं कारण नंतर सापडलं. मी फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करत होतो आणि डेस्कटॉपची कॉपी आपोआप ऑनलाइन जात होती. फोल्डर दुसरीकडे हलवलं, काम झालं. खर्च शून्य. रॅमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून आजचा धडा एकच: आधी दुखणं ओळखा, मग औषध घ्या. गल्ल्यात पैसे कमी भरले तर आपण लगेच नवीन गल्ला आणत नाही, आधी हिशेब तपासतो. इथंही तसंच करायचं.

पायरी १ : नेमकं कधी अडकतं ते लिहून ठेवा

*उघडतानाच अडकतं :* बहुतेक वेळा एखादा प्लगइन खराब असतो. शेवटी टाकलेला प्लगइन फोल्डरमधून बाहेर काढा आणि पुन्हा उघडून बघा. क्रॅक केलेले प्लगइन असतील तर संशय आधी त्यांच्यावरच घ्या. एकच जुनं प्रोजेक्ट उघडताना अडकत असेल, तर रीपरमध्ये इफेक्ट बंद ठेवून प्रोजेक्ट उघडायची सोय असते, ती वापरा.

*रेकॉर्डचं बटण दाबताच अडकतं :* ड्रायव्हर तपासा. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका. नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल हा मोफत ड्रायव्हर वापरून बघा. इंटरफेस यूएसबी हबला नको, सरळ कॉम्प्युटरला जोडा.

*इफेक्ट वाढवले की अडकतं :* प्रोसेसरवर भार येतोय. इथं बफर साइज कामाला येते. बफर २५६ ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १०२४ ठेवला तर सुमारे २३. गाताना उशीर कमी हवा, म्हणून बफर लहान. मिक्सिंगला उशिराने फरक पडत नाही, म्हणून बफर मोठा. बरेच जण लहान बफरवरच मिक्सिंग करतात आणि कॉम्प्युटरला शिव्या देतात! ज्या ट्रॅकचं काम संपलं तो 'फ्रीज' करून टाका, त्याचा भार उतरतो.

*पंधरा-वीस मिनिटांनी अडकतं :* दोन कारणं बघा. पहिलं, गरमी. आवाज येऊ नये म्हणून आपण पंखा-कूलर बंद करतो, खिडक्या लावतो आणि लॅपटॉप गादीवर ठेवतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. लॅपटॉप टेबलावर ठेवा, आतली धूळ काढून घ्या, दोन टेकच्या मध्ये पंखा चालू करा. दुसरं कारण, डिस्कवर जागा नसणं. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकला मिनिटाला जवळपास ८ एमबी लागतात. चार मिनिटांचं, २० ट्रॅकचं गाणं म्हणजे ६४० एमबी, आणि प्रत्येक जादा टेकचे वेगळे.

पायरी २ : टास्क मॅनेजर उघडा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. काम अडकतं त्या वेळी सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण १०० टक्क्यांच्या जवळ जातंय ते बघा. डिस्क भरून वाहत असेल तर आधी ऑनलाइन कॉपी आणि अपडेट थांबवा, अँटीव्हायरसला रेकॉर्डिंगचं फोल्डर वगळायला सांगा. तरीही फरक नाही आणि जुनी हार्ड डिस्क आहे, तर एसएसडी घ्या. मेमरी भरत असेल तरच रॅम घ्या. तिन्ही शांत असूनही अडकत असेल, तर पुन्हा ड्रायव्हर आणि प्लगइनकडे वळा. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करून बघा आणि पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा.

पायरी ३ : एका वेळी एकच बदल

पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशामुळे झालं ते कळणारच नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक बदल करा, दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघा, वहीत लिहा. ही वही म्हणजे तुमच्या धंद्याची पुंजी आहे.

गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी

दहा मिनिटांचं ट्रायल रेकॉर्डिंग करा. ऑटोसेव्ह ५ मिनिटांवर लावा. लाइट कधीही जाते, त्यामुळे डेस्कटॉप कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. हाताशी मोबाइल किंवा छोटा रेकॉर्डर ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर अडकला तरी आवाज हातात राहतो. आणि क्रॅक सॉफ्टवेअरवर पैसे घेऊन काम करू नका. ऑडॅसिटी मोफत आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर छोट्या धंद्यासाठी ६० डॉलरचं लायसन्स मिळतं.

मित्रांनो, गिऱ्हाइकाला तुमच्या कॉम्प्युटरची रॅम दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की आपलं काम ठरल्या वेळी झालं की नाही. रामनवमीसाठीचं गाणं रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तयार झालं, तर त्याचे पैसे कोण देणार?

आजच वही काढा आणि पहिली ओळ लिहा : माझं सॉफ्टवेअर नेमकं कधी अडकतं?