परदेशात डिझाइनची नोकरी: चिमूरहून निघण्याआधीचा हिशेब

‘परदेशात डिझायनरची नोकरी, व्हिसा स्पॉन्सरशिपसह, फाइल चार्ज फक्त पन्नास हजार.’ अशा धर्तीची जाहिरात फोनवर आली की चिमूर-नागभीडकडच्या घरात पहिली चर्चा होते ती पैसे कुठून उभे करायचे याची. पतसंस्था, मामा, की आईचे दागिने? त्याआधी एकच गोष्ट विचारायला हवी: स्पॉन्सरशिपचे पैसे मुळात द्यायचे कोणी?

कंपनीने. ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला कामावर घ्यायचे तर कंपनीला आधी सरकारचा स्पॉन्सर परवाना काढावा लागतो. मग प्रत्येक उमेदवारासाठी स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याचा दर एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड आहे. त्यावर कौशल्य आकार वेगळा. यातले काहीही कंपनीला तुमच्याकडून वसूल करता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायला बंदी आहे. म्हणजे ‘स्पॉन्सरशिप लेटरचे अमुक लाख’ असे कोणी म्हणाले की बोलणे तिथेच थांबवावे. ब्रिटन आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांत परवानाधारक कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. नोकरीचे पत्र हातात आले की आधी त्या यादीत नाव शोधा.

तुमच्या खिशातून जाणारे पैसे

सुरुवात पासपोर्टपासून. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. अर्जासोबत दहावीचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. ते नसेल तर पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शेरा येतो आणि आखातात नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, त्याचे ५०० रुपये.

आपल्याकडे पैशांहून जास्त त्रास नावाचा होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचे नाव मधे, आणि लग्न झालेल्या मुलीची तर दोन-दोन नावे. परदेशी कारकुनाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. सगळीकडे एकच क्रम करून घ्या. गरज पडली तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. हे काम नोकरी मिळाल्यावर करायचे नसते, कारण तेव्हा कंपनी आठवडे मोजत असते.

पदवीची पडताळणीही तशीच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतून २०११ नंतर शिकलेल्यांची पदवी बहुधा गोंडवाना विद्यापीठाची, म्हणजे खेटे गडचिरोलीला. त्याआधीच्यांना नागपूर विद्यापीठ गाठावे लागते. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून उपयोजित कलेची पदवी घेतलेल्यांनाही तेच. अमिराती अपोस्टिलच्या, म्हणजे एका सरकारी शिक्क्यावर दुसऱ्या देशाचा कागद मान्य करण्याच्या, करारात नाही. त्यामुळे तिथे जाणाऱ्याची पदवी आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास अशा पायऱ्या चढते. ज्या देशांना अपोस्टिल चालते, त्यांच्यासाठी सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. मधला दलाल त्यात कितीही शून्ये वाढवू शकतो, म्हणून पावती सरकारी शुल्काची वेगळी आणि त्याच्या मेहनतान्याची वेगळी मागा.

इंग्रजीची आयईएल्ट्स परीक्षा १८ हजारांच्या घरात जाते. तयारी न करता बसलात तर तेवढेच पैसे पुन्हा.

ब्रिटन: दार उघडे, पण उंबरठा उंच

तीन वर्षांपर्यंतच्या कुशल कामगार व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ च्या दराने ७६९ पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो तीन वर्षांचा एकदम भरायचा: ३,१०५. एकूण ३,८७४ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला तर सुमारे साडेचार लाख. क्षयरोगाची तपासणी आणि विमान वेगळे. चांगल्या कंपन्या यातला बराच भाग स्वतः उचलतात. मुलाखतीच्या शेवटी हे विचारण्यात लाज कसली?

खरी अडचण पगाराची आहे. २२ जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड झाला. नव्याने कामाला लागणाऱ्या तरुणांना ३३,४०० पर्यंत सूट आहे. तिथल्या नवशिक्या ग्राफिक डिझायनरचा पगार साधारणपणे याच्याही खाली असतो. म्हणून लोगो आणि माहितीपत्रके करणाऱ्याला ब्रिटनमध्ये स्पॉन्सर मिळणे फार अवघड आहे. अ‍ॅप आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यांची रचना करणाऱ्या, चार-पाच वर्षे मुरलेल्या डिझायनरला ते जमू शकते.

अमेरिकेचे दोन वाक्यांत सांगतो. एच-वन-बी हा तिथला नोकरीचा व्हिसा आधीच सोडतीवर चालत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार कंपन्यांवर टाकला गेला, आणि एवढे पैसे नव्या डिझायनरसाठी कोण मोजणार?

जर्मनी: कंपनी मिळण्याआधी जाता येते, पण पैसे दाखवून

आपल्या मुलांना सध्या सगळ्यात जास्त पटणारा रस्ता हा आहे, म्हणून याचा हिशेब नीट बघू. १ जून २०२४ पासून जर्मनीने ‘चान्सनकार्टे’ म्हणजे संधीपत्र सुरू केले. हातात नोकरी नसताना वर्षभरासाठी तिथे जाऊन नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास कामही करता येते. अट अशी की भारतात मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे मान्य व्यावसायिक शिक्षण हवे. शिवाय जर्मन ए-वन पातळीची किंवा इंग्रजी बी-टू पातळीची यायला हवी. मग वय, अनुभव, भाषा वगैरेंचे किमान सहा गुण जुळवायचे. पस्तिशीच्या आतल्याला वयाचेच दोन गुण मिळतात. इथे एक खड्डा आहे. चौकातल्या इन्स्टिट्यूटचे सहा महिन्यांचे ग्राफिक डिझाइनचे प्रमाणपत्र या अटीत बसत नाही, मग तुमचा हात कितीही चांगला असो. पदवी कोणत्याही शाखेची असली तरी ती बसते का, हे जर्मन सरकारच्या ‘अनाबिन’ यादीत आधी बघा. खातरजमा करून हवी असेल तर पदवीच्या तुल्यतेचा दाखला २०८ युरोला मिळतो.

व्हिसाचे शुल्क फक्त ७५ युरो. पण जगण्यापुरते पैसे आहेत हे दाखवावे लागते: २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. युरो १०० रुपयांचा धरला तरी १३ लाख ९ हजार, आणि युरो त्याच्या वरच असण्याची शक्यता जास्त. हे पैसे ‘ब्लॉक्ड’ खात्यात ठेवायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा थोडे थोडे काढायचे. पैसे तुमचेच राहतात, पण निघण्याआधी रोख उभे करावे लागतात.

यात आणखी एक खर्च लपलेला आहे, तो सल्लागार सहसा सांगत नाहीत. एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त पैसे अशा कारणासाठी परदेशी पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर कापून घेते. वरच्या हिशेबात ते जवळजवळ ६२ हजार होतात. आयकर विवरणपत्र भरले की हा कर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तेवढी रक्कम हातात लागतेच. वडिलांच्या खात्यातून पैसे गेले तर कर त्यांच्या नावावर कापला जातो, हेही लक्षात ठेवा.

एक गैरसमज इथेच दूर करू. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तो परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा कामांच्या अंगाने आहे. ‘त्या सरकारी योजनेतून डिझायनर पाठवतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जपानचाही विचार करा. त्यांच्या ‘आंतरराष्ट्रीय सेवा’ या वर्गात फॅशन आणि अंतर्गत सजावटीचे डिझाइन येते आणि पदवीऐवजी तीन वर्षांचा अनुभवही चालतो. कंपनी तिथूनच पात्रतेचे प्रमाणपत्र काढते. भाषा मात्र शिकावी लागेल.

पोर्टफोलिओ: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा खर्च

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेच्या दुकानात कोरलड्रॉवर हात बसलेली पोरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वेग, मांडणी, गिऱ्हाईक सांभाळणे हे सगळे त्यांना येते. पण परदेशी कंपनी चाळीस वाढदिवसांचे फलक बघत नाही. तिला तीन-चार कामे हवी असतात, आणि प्रत्येक कामामागे अडचण काय होती, तुम्ही काय ठरवले, का ठरवले, हे लिहिलेले हवे असते. फिग्मा शिकायला फुकट आहे, बिहान्सवर कामे लावायलाही पैसे पडत नाहीत. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घेतले तर नावाचे वर्षाला हजारेक रुपये.

माझे मत विचाराल तर विषयही इथलेच घ्या. चिचपल्लीला वनविभागाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या एखाद्या वस्तूचे वेष्टन, तिची माहिती, तिची विक्री असे एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवा. ताडोब्याच्या कोलारा किंवा नवेगाव प्रवेशद्वाराशी पर्यटकांना काय कळत नाही ते बघून मार्गदर्शक फलकांची नवी रचना करा. देवनागरी अक्षरांवर हात असेल तर तो ठळक दाखवा. भारतीय बाजारासाठी काम करणाऱ्या कंपन्यांना ते येणारा माणूस सहज मिळत नाही. इथूनच परदेशी गिऱ्हाइकांची दोन-तीन कामे करून पैसे बँकेत रीतसर मागवले, तर त्याच नोंदी पुढे अनुभवाचा पुरावा म्हणून कामी येतात.

एजंट

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’च्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्याने घ्यायचे सेवाशुल्क कमाल ३० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. त्याहून एक रुपया जास्त नाही, आणि पावती हवीच. ‘आम्ही भरती करत नाही, फक्त सल्ला देतो’ म्हणणारे बरेच भेटतात. मग त्यांनी नोकरीचे आश्वासन देऊ नये, आणि तुम्ही ते ऐकून पैसे देऊ नयेत.

पर्यटक व्हिसावर दुबईला जा, तिथे कामाचा करू, ही सूचना साफ नाकारा. थायलंडमध्ये ‘डिजिटल मार्केटिंग’ची भरघोस पगाराची नोकरी सांगून तरुणांना म्यानमारच्या फसवणूक केंद्रांत कोंडल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. संगणक येणारी मुलेच त्यांना हवी असतात. मुलाखतीत तुमचे काम न बघता नोकरी देणारा आणि व्यक्तीच्या खात्यात पैसे मागणारा माणूस त्याच जातीचा समजा.

वर दिलेले परदेशी दर बहुधा दर वर्षी बदलतात. अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा. पैसे भरून फसला असाल तर त्याच दिवशी सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. परदेशी नोकरीबद्दल शंका किंवा तक्रार असेल, तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे.