घरच्या रुग्णाची शुश्रूषा आणि तिचे शिक्षण

नाशिक शहराच्या दक्षिण अंगास, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला की इंदिरानगरची वसाहत लागते. सातपूर व अंबडचे कारखाने, नाशिकरोडची सरकारी मुद्रणालये, ओझरचा विमान कारखाना, बँका व शासकीय कचेऱ्या यांत आयुष्य घालविलेल्या कुटुंबांनी शहराच्या अशा उपनगरांत घरे केली. पुढे मुले शिकली आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली. मागे दोन वृद्ध माणसे राहिली. त्यांपैकी एकास पक्षाघात झाला किंवा पडून खुब्याचे हाड मोडले, तर रुग्णालयातील आठ-दहा दिवस कसेबसे निभतात. खरी अडचण रुग्ण घरी आल्यावर उभी राहते. औषधांची चिठ्ठी हाती असते. परंतु रुग्णाला कुशीवर कोणी व कसे वळवावे, घास कसा भरवावा, अंथरुणातच स्नान कसे घालावे, हे त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.

ही अडचण एका वसाहतीपुरती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या एक कोटी अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. सुना-मुली घराबाहेर नोकरी करू लागल्या आहेत आणि एकत्र कुटुंबाचा आधार विरळ झाला आहे. ज्या शुश्रूषेचा भार घरातील स्त्रिया पूर्वी निमूटपणे वाहत, तिच्यासाठी आता बाहेरचे माणूस ठेवावे लागते. गावोगावच्या बोलीत तिला ‘मावशी’ म्हणतात, पुरुष असल्यास ‘मामा’. नाते जोडण्याची ही रीत गोड आहे खरी. पण नात्याच्या नावाखाली कामाचे तास, वेतन आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी अनेकदा अनुच्चारित राहतात.

या कामासाठी शिक्षणाची गरज काय, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या एका शय्याव्रणाचा विचार केला तरी त्याचे उत्तर मिळते. एकाच अंगावर दीर्घकाळ पडून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि त्वचा आतून मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे व डोक्याची मागील बाजू ही धोक्याची ठिकाणे होत. पहिली खूण म्हणजे लाली. त्या जागी बोटाने दाबून सोडले असता त्वचा क्षणभर पांढरी न होता लालच राहिली, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही. म्हणून ती जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा उष्ण, कठीण किंवा दलदलीत लागते काय, हे हाताने पाहावे लागते. अशा जागी स्पिरीट चोळून पावडर लावण्याची जुनी पद्धत अनेक घरांत आजही चालू आहे. चोळण्याने आतील दुखावलेला भाग अधिकच दुखावतो. उपाय साधा आहे, पण कष्टाचा आहे: साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, लघवीने ओली झालेली त्वचा लगेच स्वच्छ व कोरडी करणे आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशा बेताने पोटऱ्यांखाली उशी देणे. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलण्याची गरज संपली, हा समज मात्र चुकीचा आहे.

भरविण्याचेही शास्त्र आहे. पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णास आडवे ठेवून पाणी पाजले तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात, ‘सर्दी छातीत उतरली’. प्रशिक्षित व्यक्ती रुग्णास ताठ बसविते, हनुवटी किंचित खाली ठेवविते, लहान घास देते, पहिला घास गिळला गेल्याची खात्री झाल्यावाचून दुसरा देत नाही आणि जेवणानंतर अर्धा तास तरी त्यास बसते ठेवते. पाणी पिताना ठसका लागू लागला किंवा आवाज ओलसर झाला, तर ते डॉक्टरांना कळविण्याजोगे लक्षण आहे, हेही तिला ठाऊक असते.

रुग्णास पलंगावरून खुर्चीत बसविताना खुर्चीची चाके प्रथम अडकवावीत, ती रुग्णाच्या धडधाकट अंगास ठेवावी आणि उचलणाऱ्याने कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे. हा धडा रुग्णापेक्षा सेविकेसाठी अधिक मोलाचा आहे. पाठ दुखावली की तिची मजुरी थांबते.

याशिवाय हात धुण्याची पद्धत, ताप, नाडी व रक्तदाब मोजून वहीत लिहिणे, लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता लटकविणे, मधुमेही रुग्णास एकाएकी घाम सुटून थरथर होऊ लागल्यास, तो शुद्धीवर असेल तर, साखर देणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही न घालणे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविणे, हे विषय कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाशी वाद न घालता त्याचे लक्ष दुसरीकडे वळविणे, स्नान घालण्यापूर्वी त्याची संमती विचारणे व पडदा ओढणे या गोष्टी पुस्तकात दोन ओळींच्या असतात. घरात मात्र रोजच्या भांडणाचे आणि रोजच्या शांततेचे कारण त्याच ठरतात.

काय करू नये हे शिकविणे तितकेच आवश्यक आहे. परिचारिका ही दोन ते चार वर्षांचे शिक्षण घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्ती असते. रुग्णसहायक म्हणजे परिचारिका नव्हे. इंजेक्शन टोचणे, सलाईन लावणे, नाकातून पोटात किंवा मूत्रमार्गात नळी घालणे, औषधाची मात्रा कमीअधिक करणे ही तिची कामे नव्हेत. ‘तुला येते ना, मग एवढे एक देऊन टाक,’ अशी गळ घरची मंडळी घालतात आणि नाही म्हणणे नोकरीवर बेतते. नम्रपणे नकार देण्याचा सराव वर्गातच करून घेतला पाहिजे.

थोड्या शिक्षणावर एवढी जबाबदारी पेलता येते काय, या शंकेचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली. अर्भकाची आणि वृद्धाची शुश्रूषा एक नव्हे. तथापि कामाचे नेमके टप्पे, वारंवार सराव आणि सतत देखरेख मिळाली तर साधी स्त्री कोणती उंची गाठू शकते, हे त्या प्रयोगाने दाखविले. यांतील देखरेखीचा भाग शहरी प्रशिक्षणवर्गांतून बहुधा गळून जातो, ही खेदाची बाब होय.

या कामाकडे कमी प्रतीचे म्हणून पाहण्याची वृत्ती मात्र जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू केले आणि पुढे विद्यार्थिनींना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा त्यांना याच वृत्तीशी झगडावे लागले होते.

आज शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘रुग्णसहायक’ हा प्रमाणपत्र शिक्षणक्रम तयार केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत घरगुती आरोग्यसहायकाचा अभ्यासक्रम समाविष्ट झाला. कोविडच्या साथीत, जून २०२१ मध्ये, केंद्र शासनाने एक लाख व्यक्तींसाठी सहा प्रकारचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम हाती घेतले. त्यांत गृहशुश्रूषा हा एक होता. वृद्धांच्या शुश्रूषकांचे प्रशिक्षण केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेचाही भाग आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून रोजगारासाठी नाशिककडे येणाऱ्यांचा ओघ जुना आहे. तेथील शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने एखाद्या मुलीस या वर्गास पाठविण्यापूर्वी काही चौकशी अवश्य करावी. प्रमाणपत्र कोणती संस्था देते? प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम करावयास मिळते? वर्गात सरावासाठी पलंग आहे काय, की फळ्यावरच सर्व शिकविले जाते? सहा आठवड्यांत ‘नर्स’ करून देण्याची पाटी लावणाऱ्या वर्गापासून दूर राहणे इष्ट.

काम मिळाल्यानंतरचा प्रश्न तासांचा आहे आणि तो शिक्षणापासून वेगळा काढता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावयाची तर रात्रीही चार-पाच वेळा उठणे आले. दिवसभर राबलेली एकच ‘चोवीस तासांची मावशी’ हे किती दिवस करू शकेल? ती झोपी जाते, रुग्णास व्रण होतो आणि दोष तिच्या माथी येतो. अशा रुग्णासाठी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, किंवा रात्रीचा वाटा घरच्यांनी उचलणे, एवढेच मार्ग उरतात. खर्च वाढतो हे खरे. पण व्रणाच्या उपचाराचा खर्चही थोडा नसतो. दर, सुटीचा दिवस, जेवण आणि निजण्याची स्वतंत्र जागा यांची दोन ओळींची लेखी नोंद आरंभीच करावी. नोकरी मिळवून देणाऱ्या ब्युरोने मूळ प्रमाणपत्र ठेवून घेण्याचा आग्रह धरल्यास ते देऊ नये. नक्कल पुरेशी असते.

असंघटित कामगारांची नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर होते. ती करून देण्यास ग्रामपंचायत अधिकारी साहाय्य करू शकतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या अधिनियमात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, ही गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते आणि तालुक्यासाठी नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याने ती सात दिवसांच्या आत समितीकडे पाठवावयाची असते. त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा. आणि गावातून जी मुलगी या कामासाठी शहरात जाईल, तिच्याजवळ तो क्रमांक, तर पंचायतीच्या वहीत तिच्या कामाच्या घराचा पत्ता लिहिलेला असावा.