देवासाठी एकच फूल?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६ आणि २७.

२६ वा श्लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी स्वीकारतो, असं भगवंत सांगतात. वाचायला किती सोपं! पण गेल्या सप्टेंबरात कास पठारावर याच श्लोकाने मला विचारात पाडलं.

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात सगळं उजाड. पाऊस पडला की ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत नुसता रंग! गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद आणि इवलीशी जांभळी 'सीतेची आसवं'. हे नाव ज्याने कोणी ठेवलं, त्याला फूल बघताना सीतामाई आठवली. हेही एक स्मरणच.

आमच्यासोबत एका मित्राची आई होती. तिथल्या कर्मचाऱ्याला काकूंनी विचारलं, "दादा, देवाला एकच फूल नेऊ का?"

"नाही मावशी, तोडायला बंदी आहे."

काकू हिरमुसल्या. "अरे, देवासाठीच तर मागतेय!"

त्यांचा प्रश्न खरा आहे. देव फूल मागतो, समोर फुलंच फुलं आहेत. एक नेलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. इथली बरीचशी झाडं एकाच पावसाळ्याची. फुलाचं बी होतं, ते त्या पातळ मातीत कोरडे महिने काढतं आणि पुढच्या पावसात उगवतं. म्हणजे आज तोडलेलं फूल पुढच्या वर्षाचंही तोडलेलं असतं. वाट सोडून टाकलेल्या पावलाचंही तेच.

आता श्लोक परत वाचा. फुलाचा उल्लेख एकदा आहे, भक्तीचा दोनदा. आणि देणाऱ्यासाठी शब्द आहे 'प्रयतात्मा': ज्याचं मन शुद्ध आहे, आवरलेलं आहे. लगेच २७ व्या श्लोकात भगवंत म्हणतात, जे करशील, खाशील, देशील, ते सगळं मला अर्पण कर. म्हणजे कृतीसुद्धा वाहता येते. आवरलेला हात, पायवाटेवरच राहिलेलं पाऊल, हेही त्याच्या चरणी पोचतं.

म्हणून घरच्या पूजेत फुलं वाहू नयेत असं नाही हं! कुंडीतली जास्वंद आपण पाणी घालून वाढवतो, ती हक्काने वाहायची. कासचं फूल आपलं नाहीच. ते जिथे उमललंय तिथेच देवाला वाहिलेलं आहे.

काकूंना हे किती पटलं, माहीत नाही. पण निघताना त्यांनी चपला काढल्या आणि पायवाटेवरूनच हात जोडले.

आजचा सराव: दिवसभरात जे आपलं नाही असं काहीतरी घ्यावंसं वाटेल. रांगेतली दुसऱ्याची जागा, ऑफिसात सहकाऱ्याच्या कामाचं श्रेय. तेव्हा क्षणभर थांबा, हात आवरा आणि मनात म्हणा,

श्रीकृष्णार्पणमस्तु.