रानमांजराची कातडी आणि कवटी

भूगोलाच्या शिक्षकाने प्राणिशास्त्रात नाक खुपसू नये, असे माझे एक सहकारी नेहमी गमतीने म्हणतात. प्रस्तुत लेख वाचून ते पुन्हा तेच म्हणतील, आणि या खेपेस त्यांचे म्हणणे निम्मे तरी खरे ठरेल. कारण या लेखाचा उगमच मुळी माझ्या एका चुकीत आहे.

मी बजाजनगरात राहतो. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे माळरानावर ही वस्ती उभी राहिली. आज येथे घराला घर लागले आहे. तरी कारखान्यांच्या भिंती आणि रहिवासी भूखंड यांच्या दरम्यान एखादा नाला, वेड्या बाभळीचे बन, कुसळी गवताचा पट्टा अजून शिल्लक आहे. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर शहरात बिबट्या शिरला आणि ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांत दिसला. त्यानंतर कित्येक महिने आमच्या भागात रात्री कुत्रे भुंकले तरी लोक काठ्या घेऊन गच्चीवर येत. अशा हवेत पुढच्या फेब्रुवारीत, आमच्या मागच्या नाल्यात गवत कापणाऱ्या बायकांना तीन पिल्ले सापडली. वाळूच्या रंगाची, अंगावर गडद ठिपके आणि पट्टे. "बिबट्याची पिल्ले" म्हणून बोभाटा झाला. मला बोलावणे येईपर्यंत एक पिल्लू दगडाखाली गेले होते.

उरलेली दोन मी पाहिली आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, "हा बिबट्या नव्हे. ही वाळवंटी मांजराची पिल्ले आहेत." ठिपके पाहिले, वाळूचा रंग पाहिला, आणि अवर्षणप्रवण मराठवाड्याचा नकाशा डोक्यात होताच; दोन अधिक दोन केले. गर्दीतल्या सातवी-आठवीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "सर, वाळवंटातलं मांजर इथं कसं आलं?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात मेंढ्या घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर पुढे झाला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "सायेब, ह्ये बाऊल हाय. माय हितंच आसंल कुठं तरी. हात लावू नका, रातच्याला घेऊन जाईल." लोक पांगले ते त्याच्या शब्दाने, माझ्या नव्हे.

वनकर्मचारी आले, मेलेले पिल्लू त्यांनी ताब्यात घेतले, जिवंत दोन तेथेच गवतात ठेवली. संध्याकाळी गच्चीवरून दुर्बिणीतून मी त्यांची आई पाहिली. लांब पाय, अंगावर एकही ठिपका नाही, कानांच्या टोकांना काळ्या केसांचा बारीकसा झुबका, आणि शेपूट इतके आखूड की मागच्या पायाच्या ढोपराशीच संपते. म्हातारा बरोबर होता. इंग्रज ज्याला 'जंगल कॅट' म्हणत, ते आपले रानमांजर ऊर्फ बाऊल. त्याची पिल्ले ठिपकेदार-पट्टेदार जन्मतात आणि वाढताना ते ठिपके पुसले जातात, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. वाळवंटी मांजराचे ठिपके जन्मभर राहतात. त्याचे शेपूट बारीक आणि लांब, डोके धरून मोजलेल्या अंगाच्या निम्म्याहून अधिक असते.

चूक झाली खरी, पण त्या मुलाचा प्रश्न मनातून जाईना. एकाच कुळातली ही छोटी मांजरे प्रदेशागणिक वेगळी का दिसतात? आणि दिसतात तेवढीच वेगळी असतात का? त्या निमित्ताने जे वाचले ते येथे मांडतो.

प्रथम कातडी. कोरड्या, उघड्या प्रदेशातले प्राणी फिके आणि दमट प्रदेशातले गडद, हा नियम जर्मन अभ्यासक ग्लोगर याने १८३३ मध्ये मांडला. थंड प्रदेशातले प्राणी अंगाने मोठे, हा बर्गमनचा नियम १८४७ चा. हे दोन्ही नियम आपल्या पदवीच्या पुस्तकांत एकेका ओळीत येतात आणि परीक्षेपुरते पाठ होतात. रानमांजरावर मात्र ते लावून पाहता येतात, कारण या जातीचा पसारा विलक्षण आहे: नाईलच्या खोऱ्यापासून कॉकेशस, इराण, भारत ओलांडून थेट दक्षिण चीन आणि व्हिएतनामपर्यंत. शास्त्राला हे मांजर प्रथम भेटले ते अठराव्या शतकात, कॉकेशसच्या उत्तरेस तेरेक नदीच्या काठी. तेथे नर दहा किलोंच्या पुढेही जातो. आपल्याकडचा पाच-सहा किलोंचा.

भारतातल्या रानमांजरांची वर्गवारी मुख्यतः रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून सस्तन प्राण्यांची जी पाहणी चालवली, तिच्यातून हजारो कातडी आणि कवट्या जमा झाल्या होत्या. त्या आणि लंडनच्या संग्रहातल्या अशा नमुन्यांवर पोकॉकने काम केले व १९३९ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. सिंध आणि थरकडच्या फिक्या, वालुकावर्णी रानमांजराला त्याने सोसायटीच्या प्रेटर यांचे नाव दिले. हिमालयाच्या पायथ्याचे वेगळे. बंगालपासून कच्छपर्यंतच्या मधल्या पट्ट्यातले वेगळे. कृष्णेच्या दक्षिणेचे व श्रीलंकेतले आणखी वेगळे. म्हणजे गोदाकाठचे आमचे बजाजनगरचे बाऊल मधल्या पट्ट्यात पडते. फिक्या थरचे ते शेजारी आणि दक्षिणेचेही शेजारी.

येथे मला भूगोलवाल्याची शंका येते. कृष्णा ही उपजातींची सीमा म्हणून नकाशावर फार सोयीची आहे. पण उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाणाऱ्या मांजराला ती सीमा कोणी सांगितली? ही शंका पुढे खरी ठरली असे म्हणावयास हरकत नाही. शोमिता मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भारतभरच्या रानमांजरांची आणि बिबट-मांजरांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. बिबट-मांजराला दख्खनचा आणि मध्य भारताचा उष्ण, कोरडा पट्टा आडवा येतो. त्याची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची कुळे वेगळी पडली आहेत. रानमांजरात अशी फूट नाही. आम्ही ज्याला दुष्काळी मुलूख म्हणून नावे ठेवतो तो त्याच्या दृष्टीने सलग राहता प्रदेश आहे. २०१७ मध्ये मांजरकुळाच्या वर्गीकरणाची जी फेरतपासणी झाली, तिच्यात रानमांजराच्या अनेक उपजाती मोडून तीनच ठेवल्या गेल्या आणि भारतातले बहुतेक सारे वेगवेगळे रंग एकाच नावाखाली आले. कातडीचा रंग ऋतूनुसार पालटतो, वयानुसार पालटतो (मी फसलो तो येथेच), पेटीत पडून राहिल्याने उडतो. रंगावर संसार मांडणे धोक्याचे.

कवटी अधिक प्रामाणिक असते. पण तीही सरळ उत्तर देईलच असे नाही. मुखर्जी आणि कॉलिन ग्रोव्हज यांनी २००७ मध्ये रानमांजराच्या आकाराचा प्रदेशवार अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षा अशी की उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना आकार घटेल. प्रत्यक्षात ठळक घट दिसली ती पश्चिमेकडून पूर्वेकडे: इस्राएलमधले मोठे, भारतातले लहान. याचे कारण त्यांनी हवामानापेक्षा शेजाऱ्यांत शोधले. पूर्वेकडे लहान मांजरांच्या जाती अधिक; उंदीर-घुशींवर सगळ्यांचाच डोळा. जेथे वाटेकरी कमी तेथे अंग धरता येते. मला हे स्पष्टीकरण फार आवडले. भूगोल म्हणजे केवळ पाऊस आणि अक्षांश नव्हे, शेजारीपाजारीही त्यात येतात, हे वर्गात सांगायला मला इतके चांगले उदाहरण आजवर मिळाले नव्हते.

खऱ्याखुऱ्या वाळवंटाने कवटी कशी घडवली हे पाहायचे तर भारताबाहेर जावे लागते. सहारा, अरबस्तान आणि मध्य आशियातल्या वाळूत 'सँड कॅट' राहते. आपल्या थरमध्ये ती नाही. आपण तिला वाळूमांजर म्हणू. १८५८ मध्ये अल्जीरियाच्या सहारातून तिचे वर्णन झाले. दोन-तीन किलोंचा जीव, रुंद डोके, खाली बसवलेले कान, तळव्यांवर दाट केस. तिच्या कवटीत कानामागचा हाडाचा पोकळ फुगा इतर मांजरांच्या मानाने खूपच मोठा असतो. उघड्या वाळवंटात भक्ष्य विरळ, दूर, बहुधा वाळूखाली. तेथे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून असा अंदाज निघाला, की खालच्या पट्टीतले आवाज तिला पाळीव मांजरापेक्षा सुमारे ८ डेसिबल अधिक क्षीण असले तरी ऐकू यावेत. या एका जातीतही पश्चिम-पूर्व भेद आहे: सहारातली लहान, पिवळसर, पट्टे स्पष्ट, मध्य आशियातली मोठी, करडी, खुणा पुसट. एकेकाळी तिच्या चार उपजाती मानत. २०१७ च्या फेरतपासणीत दोनच उरल्या.

आता ज्याचे नाव मी फुकट घेतले ते भारतीय वाळवंटी मांजर. ग्रे या शास्त्रज्ञाने त्याला १८३२ च्या सुमारास 'ऑर्नाटा', म्हणजे नटलेले, असे नाव दिले. राजस्थान-कच्छच्या रखरखाटातले हे ठिपकेदार मांजर आपल्या घरातल्या मनीचे चुलत भावंड आहे. मनीचे मूळ मात्र भारतातले नव्हे. २००७ मध्ये ९७९ मांजरांच्या आनुवंशिक तपासणीतून दिसले, की जगातली पाळीव मांजरे पश्चिम आशियातल्या रानटी मांजरांपासून आली. मनी धान्याच्या मागोमाग आली, येथे राहिली, आणि आता वाळवंटी मांजराशी तिचा संकर होतो. संकर झालेले पिल्लू वरून कधी कधी अगदी अस्सल दिसते. तेव्हा ओळख पटवायची कशी?

युरोपात हाच प्रश्न तेथल्या वनमांजराबद्दल आला होता. १९६९ मध्ये शाउएनबर्ग याने एक सोपी कसोटी काढली: कवटीची लांबी मिलिमीटरमध्ये, तिला मेंदूच्या पोकळीच्या घनफळाने (घन सेंटिमीटरमध्ये) भागायचे. भागाकार २.७५ च्या खाली आला तर वनमांजर, वर आला तर पाळीव. माणसाच्या घरी राहून मांजराची मेंदूची पोकळी आकसली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरमोजणीतही पाळीव मांजरांची पोकळी युरोपीय आणि आफ्रिकी रानटी मांजरांपेक्षा लहानच भरली.

हे वाचल्यावर मला राहवले नाही. आमची जुनी मनी चार वर्षांपूर्वी वारली, तिला परसात पेरूखाली पुरले होते. घरच्यांची नाराजी पत्करून मी तिची कवटी काढली, धुतली, वाळवली. मेंदूचे घनफळ मोजण्यासाठी जुने अभ्यासक मोहरी वापरीत, हे वाचले होते. डोळ्यांकडची छिद्रे कापसाने बुजवली, मागच्या मोठ्या छिद्रातून मोहरी ओतली, कवटी हलकेच ठोकून पुन्हा ओतली, आणि मग ती मोहरी प्रयोगशाळेच्या नळकांड्यात मोजली. तीन खेपांना २६, २८ आणि २७ घन सेंटिमीटर. लांबी ८७ मिलिमीटर. भागाकार ३.२२. मनी निःसंशय पाळीव! ती मोहरी फोडणीला परत घेण्यास घरातून सक्त मनाई झाली असून ती अद्याप माझ्या टेबलावर बाटलीत आहे.

गंमत बाजूला ठेवू. ही कसोटी युरोपच्या मांजरांसाठी बेतलेली आहे. ती उचलून थरच्या मांजराला लावणे म्हणजे माझ्या पहिल्या चुकीची सुधारलेली आवृत्ती होईल. २००४ मध्ये युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या रानटी मांजरांच्या कवट्यांची तुलना झाली, तेव्हा युरोपचे मांजर ठळकपणे वेगळे निघाले, पण आफ्रिकेचे आणि आशियाचे एकमेकांत बरेच मिसळले. मनी ज्या आफ्रिकी-आशियाई गोतातली, त्याच गोतात आपले वाळवंटी मांजर. दोघांतला फरक जात्याच बारीक आणि वर संकराची भर. संकर वाढत गेला तर एक दिवस थरमध्ये ठिपकेदार मांजरे पुष्कळ दिसतील आणि 'ऑर्नाटा' त्यांत उरलेले नसेल. ते गेले कधी, हेही कोणाच्या ध्यानात येणार नाही. वाघ नाहीसा झाला तर निदान बातमी तरी होते.

बाऊलाला ही भीती फारशी नाही. त्याचे दुखणे निराळे. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासावरून एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी मारते असा अंदाज आहे. वर्षाचा हिशेब वाचकांनीच करावा. शेतकऱ्याने त्याला जावई करून घ्यावे एवढे हे काम आहे. पण ते कोंबड्याही नेते, उसात आणि गवतात पिल्ले घालते, आणि पिल्लांच्या अंगावर ते दुर्दैवी ठिपके असतात.

त्या मुलाला मी नंतर शोधून काढले. आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. वडील कारखान्यात कामाला. त्याला म्हटले, "ते वाळवंटातून आलेलं नाही रे, इथलंच आहे. कारखान्याच्या आधीपासून." त्याला याचे विशेष वाटले नाही. त्याने विचारले, "मग त्याचे ठिपके कधी जाणार?" आम्ही दोघांनी वहीत तारखा घालून पाळत ठेवली. पिल्ले ठेवली होती ती जागा दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी होती. मार्चमध्ये आई एकदा दिसली, एकच पिल्लू मागे. एप्रिलमध्ये भूखंडावर चुन्याच्या रेघा पडल्या आणि मे महिन्यात काहीच दिसले नाही. १४ जूनला, पहिल्या पावसानंतर, नाल्याच्या पलीकडच्या भिंतीवर ते पिल्लू एकटेच बसले होते. पाठीवरचे ठिपके जवळजवळ पुसले होते. पायांवरचे आडवे पट्टे मात्र अजून मोजता येत होते.