आवडत्या पदाचा विस्तार : श्रोत्याने काय पाहावे?



न आवडणाऱ्या गाण्यातील दोष कोणालाही दिसतात. खरी परीक्षा होते ती आवडत्या गाण्याच्या वेळी. जे पद आपणांस तोंडपाठ आहे, ते गवयाने नुसते उचलले तरी आपले मन प्रसन्न होते, आणि मग पुढे तो जे काही करील ते सारे उत्तमच वाटू लागते. परंतु ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याची पारख करू नये, असे थोडेच आहे? आई मुलावर प्रेम करते म्हणूनच त्याचा अभ्यास नीट तपासते. याच न्यायाने, गायक एखाद्या लोकप्रिय पदाचा आयत्या वेळी विस्तार करतो तेव्हा त्याचे मूल्य कसे ठरवावे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम विस्तार म्हणजे काय ते पाहू. पदाचे शब्द कवीने लिहिलेले असतात व चाल कोणी तरी बांधलेली असते. ताल व रागही ठरलेले असतात. एवढ्या मर्यादेत राहून गायक त्याच क्षणी नवे आलाप, नव्या हरकती व ताना सुचतील तशा घेतो. त्या कोठे लिहून ठेवलेल्या नसतात. म्हणून एकच पद आज एक रूप धारण करते, तर उद्या दुसरे.

याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या देवळा तालुक्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. दिवसभर कांद्याच्या शेतात राबलेली माणसे रात्री टाळ घेऊन उभी राहतात. मुख्य गायक अभंगाचे ध्रुपद म्हणतो व टाळकरी ते झेलतात. मग गायक एखाद्या चरणावर थांबतो, त्याच अर्थाचे दुसऱ्या संताचे वचन प्रमाण म्हणून जोडतो, आलाप घेतो आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. पखवाजवाला त्याचे पुढचे पाऊल ओळखून बोल वाजवितो. आपल्याच जिल्ह्यात, नाशकास, ज्यांचे शिक्षण झाले, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) भजन व कीर्तन यांची हीच देशी रीत ख्रिस्ती उपासनेत आणली. तेव्हा देवळात असो वा चर्चमध्ये, प्रश्न एकच : हा विस्तार चांगला झाला की नाही, हे कसे ओळखावे?

आमच्या मते श्रोत्याने मनाशी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न शब्दांचा. विस्तारात पदाचा अर्थ खुलतो की बुडतो? करुण चरणावर चपळ तानांचा वर्षाव केला, तर गळ्याची तयारी दिसेल. परंतु करुणा नाहीशी होईल.

दुसरा प्रश्न परतीचा. गायक कितीही दूर गेला तरी त्याला मुखड्यावर व समेवर परत यावे लागते. नुसते वेळेवर येणे हा हिशेब झाला. त्रितालाच्या सोळा मात्रा मोजून तो कोणासही शिकता येईल. येथे पाहावयाचे ते हे की, परत आल्यावर तीच ओळ पूर्वीपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते काय? वाटत नसेल, तर मधला प्रवास व्यर्थ गेला असे समजावे.

तिसरा प्रश्न सोबत्यांचा. गायक साथीदारांचे ऐकतो काय? भजनात लय चढवीत नेऊन गजर केला की टाळ्या हमखास मिळतात. पण टाळकऱ्यांना शब्द म्हणण्यासही उसंत उरली नाही, तर ते भजन सर्वांचे न राहता एकट्याचे होते. पौलाने करिंथकरांस उपदेश करताना आत्म्याने गावे तसेच बुद्धीनेही गावे, आणि मंडळीत जे करावयाचे ते सर्वांच्या उन्नतीसाठी करावे, असे सांगितले आहे. संगीताच्या परीक्षकाने हा उपदेश अवश्य ध्यानात ठेवावा.

आता ही कसोटी एका थोर कलावंतास लावून पाहू. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांचे नाव तुमच्या आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकले असेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि बालगंधर्वांनी रुक्मिणीची भूमिका केली. त्यातील ‘नाथ हा माझा’ हे यमन रागातील पद महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले.

शब्द व परत या दोन्ही कसोट्यांस बालगंधर्व उत्तम उतरतात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तरी तेवढ्यातही त्यांचा शब्द स्वरात विरघळून नाहीसा होत नाही. त्यांच्या हरकती लहान असतात, शब्दाच्या पोटातून निघतात व शब्दालाच येऊन मिळतात. साथीचेही तसेच. अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाज व कादरबक्षांसारखा सारंगिया त्यांच्या मंडळीत होता. अशा गुणीजनांना जवळ करणारा गायक सोबत्यांची किंमत जाणणाराच असला पाहिजे.

मग उणे कोठे पडले? नाटकात साथीदारांखेरीज आणखी एक सोबती असतो, तो म्हणजे कथानक. तबकडीची मर्यादा रंगभूमीवर नव्हती. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून गर्जत, पद पुन्हा सुरू होई, त्याचा नवा विस्तार होई, आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. तोवर कथा जागच्या जागी थांबे व समोरचा नट नुसता उभा राही. रुक्मिणी मागे पडून गवई पुढे येई. गाण्याने नाटकास ग्रासले, हा आक्षेप संगीत रंगभूमीवर जाणत्यांनी वारंवार घेतला आहे, आणि तो आम्हांस यथार्थ वाटतो. पद म्हणून जो विस्तार अप्रतिम, तोच नाटकाचा भाग म्हणून अतिरेक ठरू शकतो. हे दोन्ही निर्णय एकाच वेळी खरे आहेत, व दोन्ही उच्चारल्याने बालगंधर्वांची थोरवी तिळमात्र कमी होत नाही.

शिवाय या अतिरेकाचा अर्धा दोष श्रोत्यांच्या पदरी पडतो. गायक आयत्या वेळी निर्मिती करतो, म्हणूनच तो समोरच्या माणसांकडे पाहून पुढची वाट निवडतो. आपण ज्या जागी दाद देतो ती जागा तो पुन्हा घेतो. नुसत्या वेगाला टाळी दिली, तर पुढच्या खेपेस वेग वाढेल. अर्थपूर्ण परतीस मान डोलावली, तर ती परत अधिक जपून घेतली जाईल. आजच्या भजनी मंडळांतील तरुण गायकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. ध्वनिक्षेपक मोठा केला व लय दुप्पट केली म्हणजे भजन रंगले, असा त्यांचा समज होत असेल, तर तो समज आपल्याच टाळ्यांनी करून दिलेला आहे.

म्हणून, बालमित्रहो, एक लहानसा अभ्यास करा. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांतील गाणी आता मोबाईलवर सहज ऐकावयास मिळतात. त्यांतील एक पद घरच्या वडील माणसांसोबत तीनदा ऐका : प्रथम केवळ शब्दांकडे लक्ष देऊन, मग मुखडा किती वेळा व कसा परत येतो ते मोजून, आणि शेवटी साथीकडे कान देऊन. त्यानंतर गावच्या सप्ताहास वा नाताळच्या भजनास जा, आणि तेच तीन प्रश्न मनाशी विचारा. भजन संपल्यावर गायकास भेटून आवडलेली एक जागा नेमकी सांगा. दुसऱ्या एखाद्या जागी चरण ऐकू आला नसेल, तर तेही नम्रपणे सांगा. ‘फार छान’ या दोन शब्दांपेक्षा त्याला त्याचा उपयोग अधिक होईल.